गाळलेली तीन प्रकरणं

ही गोष्ट सुधीरलाही ठाऊक नाही — म्हणजे माझ्या नवऱ्याला, ज्याच्यापाशी मी ऑफिसातलं फालतू गॉसिपसुद्धा पोटात ठेवत नाही. आईला सांगितली नाही, मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्रेपणाच आहे हा. असू दे.

कुमुदताई माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवलं, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा आमच्याकडे दिल्लीत, द्वारकेला राहायला आल्या. बिचाऱ्या वगैरे बिल्कुल नव्हत्या हं! दोन महिन्यांत बोलणारा कॉम्प्युटर शिकल्या — बटण दाबलं की मशीन अक्षर म्हणून दाखवतं — आणि एका मासिकात नव्या पुस्तकांवर दर महिन्याला लिहायला लागल्या. एकदा मी विचारलं, ताई, हे सगळं येतं कुठून? तर म्हणाल्या, त्यांचे वडील रोज जेवणानंतर मोठ्यानं वाचायचे आणि या शेंगा सोलता सोलता ऐकायच्या. "मी पहिल्यापासून कानानंच वाचते गं. डोळे मधे उगाच आले होते." कुठे टिपून ठेवणं नाही, काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

फक्त छापील मराठी पुस्तक मशीनला धड वाचता यायचं नाही. ते मी वाचायचे. ऑफिसातून मेट्रोनं घरी, कुकर, चहा, आणि साडेसहा ते आठ वाचन.

इथे जरा थांबते. कारण इथून पुढे मला स्वतःची बाजू मांडायचा मोह होतो — आणि बाजू नाहीये.

मी दिल्लीतच वाढले. माझं मराठी म्हणजे घरातलं, भाजी चिर, पंखा लाव, इतपत. पुस्तकात 'वळचण' आली की मी अडायचे. ताई हसायच्या, अर्थ सांगायच्या. त्यात काही नव्हतं. पण एका रविवारी घरी मराठी मंडळाची चार माणसं जेवायला होती, आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमची रश्मी वाचते छान, पण खेड्यातलं माणूस बोलायला लागलं की हिची गाडी रिव्हर्समधे!" सगळे हसले. मीही हसले. चेष्टाच होती यार, प्रेमाचीच होती. पण मला इतकं झोंबलं — चाळिशी उलटलेली बाई मी, ऑफिसात हाताखाली सहा माणसं, आणि घरी येऊन पहिलीतल्या मुलीसारखं अडखळायचं?

तर मी गाळायला लागले. आधी एखादं वाक्य. मग परिच्छेद. कुणाला कळणार होतं? त्याच सुमारास ताईंनी एका लेखात लिहिलं, की डोळ्यांनी वाचणारे पानं उडवतात, कानाला ती सोय नाही. तो लेख छापून आला तेव्हा मीच त्यांना वाचून दाखवला. आवाजसुद्धा हलला नाही माझा. लाज तेव्हा वाटायला हवी होती ना? नाही वाटली.

मग ती कादंबरी आली. एका नव्या मुलीचं पहिलंच पुस्तक. मधली तीन प्रकरणं नायिकेच्या आईच्या तोंडची होती, पूर्ण गावाकडच्या बोलीत. मी पहिलं पान नजरेखालून घातलं आणि — काय सांगू — मला घामच फुटला. तिन्ही प्रकरणं मी सोडून दिली. वर सांधा कळू नये म्हणून एक वाक्य पदरचं घातलं. ताई मान हलवत ऐकत होत्या.

त्यांनी लिहिलं, की पुस्तक चांगलं आहे, पण लेखिकेनं आईला मुकं ठेवलं आहे. तिच्या तोंडी एक शब्द नाही, आणि हीच मोठी उणीव आहे.

त्या मुलीनं संपादकांना पत्र पाठवलं. ते त्यांनी ताईंना ईमेल केलं. मी कणीक मळत होते आणि आतून मशीनचा तो सपाट आवाज येत होता — अमुक पानापासून तमुक पानापर्यंत आईच बोलते आहे, ही बोली माझ्या आईची आहे, ताईंनी पुस्तक न वाचताच निकाल दिला. मशीन काही गाळत नाही. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत म्हणालं ते, ज्यांना दिसत नाही त्यांच्याकडे पुस्तकं देताच कशाला?

माझे हात तसेच पिठात. वाटलं, आता जावं आणि सांगून टाकावं. जाणार होते का मी? माहीत नाही. तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"रश्मी, अगं, आईची प्रकरणं होती का त्यात? आपण वाचली होती?"

किती सोपं होतं, बघा ना. रागावल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या. संपादकांना फोन करून मी चूक माझी म्हटलं असतं की झालं. आणि मी काय म्हणाले?

"वाचली की ताई. तुमच्या लक्षात नाही राहिलं का?"

त्या नुसतं "अस्सं" म्हणाल्या.

मुलीची त्यांनी छापील माफी मागितली. चूक सर्वस्वी माझी, स्मरण आता साथ देत नाही, असं लिहिलं, आणि सदर बंद केलं. सुधीर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. ताईंना वाटलं, भला माणूस, मन राखतोय. गॅस बंद केला का, औषध घेतलं का, हे दहादा विचारायला लागल्या. ज्या बाईला अख्खी पानं पाठ असायची, तिला मी तिच्याच डोक्याची भीती घातली. एका वाक्यात.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी ते पुस्तक पुन्हा काढायला सांगितलं. आईची तीन प्रकरणं वाच म्हणाल्या. मी वाचली — पहिल्यांदा. अडखळत, चुकत, तीन संध्याकाळी. त्या एकदाही हसल्या नाहीत, एकही शब्द सुधारला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ऐकत होत्या, काहीतरी ओळखीचं सापडतंय का ते शोधत.

शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "इतकं सुंदर लिहिलंय गं," म्हणाल्या, "आणि मला एक ओळ आठवत नाही. एकसुद्धा नाही."

मी पुस्तक मिटलं.

"वय झालं ताई," मी म्हणाले. "होतं असं."

एकसष्ट वर्षांच्या होत्या त्या. आता सदुसष्टच्या आहेत, बाजूच्याच खोलीत असतात. त्यानंतर त्यांनी काही लिहिलेलं नाही, आणि मी त्यांना काही सांगितलेलं नाही.