आईचं खरं 'अहो'

गेल्या रविवारी सकाळी आई बाबांवर खच्चून ओरडली... आणि आमच्या घरात दिवाळी झाली. यांना वेड लागलंय का, असं वाटेल. पण आधी ऐका.

बाबा सातपूरला एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. त्या धडधडीने कान जरा अधू झाले, त्यामुळे आमच्याकडे हळू बोलायची पद्धतच नाही. त्यात आईचं माहेर विंचूरकडचं, मळ्यातून हाका मारायची सवय. पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय... आम्ही आपले भाजी कोणती करायची ते ठरवत असतो.

आईचा हुकमी शब्द म्हणजे 'अहो'. पुढे काही बोलायची गरजच नाही. चहा झाला की एक अहो, दारात कोणी आलं की दुसरं, बाबांनी ओला टॉवेल गादीवर फेकला की तिसरं. या तिसऱ्याला बाबांचं उत्तर ठरलेलं, "आलो गं, आलो." जागचे हलायचे नाहीत, ते वेगळं.

थंडीत बाबांना स्ट्रोक आला. जिवावरचं टळलं, हळूहळू वॉकर धरून चालायलाही लागले, पण बोलणं गेलं. आमचेही शब्द त्यांना कळेनासे झाले. "पाणी हवं का?" विचारलं तर नुसते बघत राहायचे. समोर बसलेला माणूस हरवलाय असं वाटायचं... बाबा आता आपल्याशी कधीच बोलणार नाहीत, असंच आम्ही धरून चाललो होतो.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावून सांगितलं. शब्दांचा अर्थ लावायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे जास्त चालतं, आणि आवाजातला राग, माया, काळजी ओळखायला उजवी बाजू बरीच मदत करते. बाबांची डावी बाजू दुखावली होती. "शब्द अडकले तरी सूर पोचतो. त्यांच्याशी बोलत राहा," असं म्हणाल्या.

झालं! सूर पोचतो म्हटल्यावर आम्ही आवाजात साखर घोळली... साखर कसली, पाकच. मी गोड, बायको गोड, आणि आई तर "अहो... सूप घेता ना थोडंसं..." अशी बोलायला लागली की मला वाटायचं, ही कोणाची आई? बाबा मात्र दिवसेंदिवस जास्तच गप्प. आईच्या तोंडाकडे असे घाबरून बघायचे की विचारू नका.

रविवारी आईने कुरडया घातल्या होत्या, गॅलरीत जुन्या साडीवर वाळत होत्या. मी बाबांना आंघोळ घातली. ते वॉकर धरून गॅलरीत गेले, खांद्यावरचा ओला टॉवेल काढला आणि सवयीने दिला टाकून... थेट कुरडयांवर.

"अहोऽऽऽ! कुरडया हायेत ना त्या! सकाळपासून चीक घोटतेय मी... डोळे हायेत का बटणं?"

आईने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले तिचे. "आजारी माणसावर वरडले रे मी," असं पुटपुटली.

बाबा वळले. तोंडाची एक बाजू हसली. आणि त्याच जुन्या चालीत, थोडं अडखळत... "आलो गं... आलो."

"काय म्हणले रे हे?" आईने मला विचारलं. मी रडत होतो, बायको हसत होती, बाबा जागचे हलले नव्हते.

आईला अजून खरं वाटेना. जवळ जाऊन हळूच, गोड "अहो" म्हणून बघितलं. बाबांचा चेहरा पडला. मग दणकून "अहो!" आणि लगेच... "आलो गं."

मॅडमना फोन केला तर त्याही हसल्या. सवयीचे बोल कधी कधी असे आधी परत येतात, बाकीच्या शब्दांना वेळ लागेल, म्हणाल्या. मग विचारलं, "याआधी आई त्यांच्याशी इतक्या गोड कधी बोलल्या होत्या?"

मी आठवून बघितलं... काका गेले तेव्हा. बाबांना ती बातमी सांगताना. म्हणजे इतके दिवस आम्ही गोड बोललो की बाबा बहुतेक मनात म्हणत असणार, आता कोण गेलं?

तेव्हापासून आई मनमोकळं ओरडते. खालच्या मजल्यावरच्या काकू काळजीने विचारायला वर आल्या, त्यांना सांगितलं, थेरपी चालू आहे. बाबांचे बाकीचे शब्द अजून यायचेत. पण आता घाबरून बघत नाहीत ते, आणि आम्हीही नाही.

आज सकाळी गॅलरीतून हाक आली, "अगंऽ..." नुसतं अगं. काय हवंय ते आईने विचारलंच नाही. डोळे पुसत गॅसवर आधण ठेवलं आणि चहा घेऊन गेली.

चहाच हवा होता त्यांना.

कुरडयांचा तो घाणा वाया गेला... पण त्या ओल्या टॉवेलचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.