कानसकाकांचा रिकामा खिसा

कानसकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी बारीक कानस असे. सत्तरच्या दशकात कामठीतल्या एका पॉवरलूम शेडमध्ये ते वायरमन होते. पाळी सुरू होण्याआधी मेन बंद करून ते मोटरींचे स्टार्टर उघडत आणि करंट जोडणारे-तोडणारे तांब्याचे कॉन्टॅक्ट लखलखीत होईपर्यंत घासत.

"ठिणगी उडते, तांबं काळं पडते," ते सांगत. "काळ्यानं करंट अडते. अडला का तापते, तापला का जाळते."

दिसेल ते काळं घासायची त्यांना खोडच होती. काकू म्हणायच्या, "माहा तवा तेवढा सोडा, पोळ्या चिकटून राहिल्या."

मग नवे स्टार्टर आले. त्यांच्या कॉन्टॅक्टवर चांदीचा पातळ थर होता. चांदी काळी पडली तरी करंट फारसा अडत नाही, ती घासायची नसते. हे सांगणारा इंग्रजी कागद मालकाच्या ऑफिसात खोक्यातच राहिला. काका मात्र काळं दिसलं की घासत राहिले. काही महिन्यांत चांदी संपली, खालचं तांबं ठिणग्यांनी जळू लागलं आणि एका दुपारी दोन कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले. कांड्यांवर सूत भरणाऱ्या शांताबाईचा पदर मोटरीच्या पट्ट्यात ओढला गेला. तिने बंदचं बटण दाबलं. मोटर थांबली नाही. कोणी मेन पाडेपर्यंत तिचा उजवा हात गेला होता.

माझे बाबा तिथल्याच युनियनचे. पत्रकं वाचतच मी वाढले होते. मालकाने भंगार माल आणला, असं जळजळीत पत्रक लिहून मी काकांना वाचून दाखवलं.

"माल चांगला होता वं," ते म्हणाले. "चांदी म्याच घासली."

"पण ती घासायची नसते, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही. कागद मालकाच्या खोक्यातच राहिला, आता सापडला. ते लिही. अन् माहं नावही लिही."

"काका, नोकरी जाईल."

"शांताचा हात गेला, पोरी. मले काहून लपवतं?"

मी तसंच लिहिलं. मालकाने त्यातली काकांच्या नावाची एकच ओळ वाचली आणि त्यांना कामावरून काढलं. उरलेल्या पत्रकातला एक शब्दही मी आजवर मागे घेतलेला नाही.

शेवटच्या दिवशी नव्या वायरमनला घेऊन ते प्रत्येक स्टार्टरपाशी गेले, असं बाबांनी सांगितलं. एक झाकण उघडलं. आतली चांदी काळी पडली होती. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"हे असंच काळं राहू दे गा," ते म्हणाले, आणि झाकण लावून घेतलं.