झुनिल्दाची पोलादी गाठ

झुनिल्दा आयालाला कोणी 'बिचारी' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं, आणि त्या उन्हाळ्यात तर सगळं एस्किना गाव तिला तेच म्हणत होतं. मासेमारीबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात एका दोराडो माशानं तिच्या उजव्या हाताचा अंगठा धरला होता. गळ काढताना पक्कड निसटली आणि माशाचा जबडा मिटला, एवढंच झालं. पुढे जखम चिघळली आणि अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं. शेजारचं बोट वाचलं, पण ते काही वाकेना.

आता अंगठा अर्धाच उरला म्हणून होडी चालत नाही असं थोडंच आहे! वीस वर्षं ती लॉजच्या पाहुण्यांना पाराना नदीवर दोराडो धरून देत आली होती. पाणी कुठे खोल आहे, मासा कुठल्या ओंडक्याआड दबा धरून बसलाय, हे ओळखायला अंगठा लागत नाही. गाठ मारायला मात्र लागतो. दोराडोचे दात असे की चांगलं जाडजूड नायलॉन शेवईसारखं तोडतो. म्हणून नायलॉनच्या टोकाला वीतभर पोलादी तार जोडायची आणि तारेला पिसांचं आमिष लावायचं. तार दुमडून तिचं छोटं घर करायचं, नायलॉन त्यातून ओवायचं, दहा वेढे द्यायचे, आत शिरलं होतं त्याच बाजूनं टोक बाहेर काढायचं आणि सगळं एकदम आवळायचं. ऐकायला सोपं आहे. एका माशानंतर तार वेडीवाकडी होते, आणि अशी तार पुन्हा पाण्यात टाकायची नाही हा आमच्या नदीवरचा दंडक. एक मासा, एक तार. चांगल्या दिवशी पंधरा-वीस गाठी होतात, त्याही डुलणाऱ्या होडीत, आणि पाहुणा मागून 'झालं का, झालं का' करत असताना.

लॉजचे मालक एवारिस्तो वाईट माणूस नव्हते, पण त्यांना दयाळूपणा दाखवायची भारी हौस होती.

"झुनिल्दा, तू आता स्वयंपाकघर बघ," ते म्हणाले. "पगार तोच देतो. सावलीत राहशील."

"मला रांधता येत नाही मालक. माझ्या हातचं खाऊन तुमचे पाहुणे पळून जातील."

"मग करू तरी काय मी? हंगाम सुरू होईल त्या दिवशी तुला एक पाहुणा देतो. तुझ्या गाठीमुळे मासा गेला, तर दुसऱ्या दिवसापासून चूल. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि घरी येऊन आधी मनसोक्त रडून घेतलं. रडणं झाल्यावर टेबलावर तार, नायलॉन आणि पक्कड मांडून बसली.

बंदीचे दोन महिने तिनं त्या टेबलापाशी काढले. पहिल्या दिवशी एकही गाठ जमली नाही. डावा हात वेढे घालायचा, पण धाग्याचं दुसरं टोक धरणार कोण? तिनं ते टेबलाच्या खणात अडकवलं आणि पोटानं खण दाबून धरला. तारेची टोकं बोटांत घुसून बोटांची चाळण झाली. आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो; तोवर ती दिवसाला दहा गाठी मारू लागली, आणि नव्या वर्षात चार मिनिटांत एक. पण होडीत टेबल नसतं, नि खणही नसतो.

"एवढा विचार कसला करतेस?" तिची आई म्हणाली. म्हातारीनं उभी हयात कोळ्यांची जाळी दुरुस्त केलेली. समोरच्या दाताला सुतळीनं खाच पडली होती आणि ती खाच ती पदक मिळाल्यासारखी दाखवायची. "देवानं तोंड कशाला दिलंय? तिसरा हात तोच. दातात धर आणि ओढ!"

जाळी विणणाऱ्या घरातल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. झुनिल्दा लहानपणापासून सुतळी दातातच धरत आली होती.

हंगामाच्या पहिल्या सकाळी तिच्या वाट्याला आले सेन्योर तासिनारी. दक्षिणेत बारिलोचेकडचे निवृत्त वकील, सगळं आयुष्य थंड ओढ्यांवर ट्राउट मासे धरण्यात गेलेलं. ट्राउटवाल्यांची एक खोड असते. मासा लागला की काठी अशी अलगद वर उचलतात, जणू कुणाला सलाम करताहेत. दोराडोचा जबडा म्हणजे दगड, तिथे असले सलाम चालत नाहीत.

"काठी उचलायची नाही," झुनिल्दानं बजावलं. "काठी खाली, आणि दोरी हातानं हिसडायची. दावणीचा बैल ओढल्यागत. समजलं?"

"समजलं, झुनिल्दाबाई."

पहिला मासा घरी बांधून आणलेल्या तारेवर आला. लहानसाच होता, पण अंगावर सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चमकत होता. तो परत पाण्यात सोडला आणि तार वाकली म्हणून कापून टाकली. आता खरी परीक्षा. तिनं नवी तार दुमडली, डाव्या हातानं वेढे घातले, नायलॉन दाढेत धरलं आणि मान मागे घेऊन गाठ आवळली. दोन मिनिटांत काम झालं! तिला इतका आनंद झाला की म्हातारीचा पापा घ्यावासा वाटला.

पुढच्याच वळणावर, पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी, पाणी फुटलं. दहा-बारा किलोचा दोराडो आमिषासकट हवेत गेला, डोकं झटकून खाली आला, पुन्हा गेला. आणि दोरी सैल पडली.

तासिनारी मटकन खाली बसले. "माझंच चुकलं. काठी उचलली मी."

उचलली होती खरी. तिनं स्वतः पाहिलं होतं. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. पण झुनिल्दानं धागा ओढून घेतला आणि टोक उन्हात धरलं. गाठ सुटली असती तर टोकाला पीळ दिसला असता. माशानं तोडलं असतं तर सुरीनं कापल्यासारखं तिरकं दिसलं असतं. हे टोक अर्धं चपटं होतं आणि अर्धं फाटलेलं. जिथे तिनं दाढ लावली होती तिथेच तुटलं होतं. सुतळीला दात चालतो. नायलॉनला एक चरा पडला की त्याचा जोर गेलाच. हे ती दर हंगामात नवशिक्यांना ओरडून सांगायची, आणि घाईत स्वतःच विसरली. तिला स्वतःचा असा राग आला की कान तापले.

"तुमचं चुकलं नाही सेन्योर," ती म्हणाली. "माशाच्या दातानंही तुटलं नाही हे. माझ्या दातानं तुटलं."

"जाऊ द्या हो. कुणाला कळणार आहे?"

"मालक विचारतील तेव्हा मी सांगणार आहे. आता जरा गप्प बसा, मला गाठ मारू द्या."

पण धागा धरायचा कशात? तिनं होडीत इकडेतिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. चप्पल काढली, धाग्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला, पाय लांब केला. धागा ताठ झाला. डाव्या हातानं एक वेढा, दोन, तीन. पाचव्याला होडी हलली आणि सगळं उसवलं. पुन्हा पहिल्यापासून. तिकडे बुंध्यापाशी दोराडो लहान माशांना पळवून पळवून खात होते, पाणी नुसतं उकळत होतं, आणि तासिनारी बिचारे चुळबुळतही नव्हते. तिनं गाठ नदीत बुचकळून ओली केली, पाय ताणला आणि आवळली. अकरा मिनिटं लागली.

"हे नेहमी असंच करता?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज पहिल्यांदाच."

त्यांनी थंड तेरेरेचा, त्या कडवट पाल्याच्या पेयाचा, पेला तिच्यापुढे धरला.

दिवसभरात आणखी चार मासे आले, चारही होडीपर्यंत. शेवटच्या गाठीला तिचा पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना मालक एवारिस्तोंनी विचारलं, "काय सेन्योर, कसा गेला दिवस?"

"उत्तम! एकच मासा गेला, तोही माझ्यामुळे."

"माझ्या गाठीमुळे गेला," भिंतीपाशी उभी असलेली झुनिल्दा म्हणाली.

दुसरा गाईड निकासिओ ताटात बघत बसला.

"म्हणजे ठरल्याप्रमाणे..." मालकांनी सुरुवात केली.

"ठरलं होतं, नाही म्हणत नाही. तुम्ही मला कामावरून काढा. पण चुलीपाशी मी बसणार नाही. होडी माझी आहे, नदी कुणाच्या बापाची नाही. उद्या मी पाण्यावर असणारच, तुमचा पाहुणा घेऊन नाहीतर एकटी. चूक कुठे झाली ते मला कळलंय. पुन्हा होणार नाही."

मालक उठले, कपाटातून हातभर नायलॉन आणि तारेचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

झुनिल्दानं चप्पल काढली. रश्श्याच्या वाडग्याशेजारची रिकामी खुर्ची ओढली, सगळ्यांदेखत तिच्यावर पाय ठेवला आणि वेढे घालू लागली. घाई केली नाही. गाठ झाल्यावर मालकांनी दोन्ही टोकं मुठींना गुंडाळली आणि ओढली. मान तांबडी होईपर्यंत ओढली. निकासिओला दुसऱ्या टोकाला लावून पुन्हा ओढली. मालकांच्या तळव्यावर लाल रेघ उमटली, गाठ तशीच राहिली.

ते तळवा चोळत खाली बसले.

"असले पाय मी माझ्या स्वयंपाकघरात येऊ देणार नाही," ते म्हणाले. "उद्या पाचला धक्क्यावर ये."

"साडेचारला येते मालक," झुनिल्दा म्हणाली. "आता मला वेळ लागतो."