शेवंताच्या माहेरी चढलेला मिलिटरी ट्रक

"दाब," मी ट्रकखालून ओरडलो.

"दाबलं," शेवंता वरून म्हणाली.

मी चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल केलं. आधी बुडबुडे आले, मग नुसतं तेल. आवळलं. "सोड."

ब्रेकच्या पाइपात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली, एक पेडलवर. खालचा 'सोड' म्हणत नाही तोवर वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत. माझ्या गॅरेजात त्या कामाला माझी बायकोच. त्या संध्याकाळी ती ड्रायव्हर सीटवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. पाय पेडलवर, डोळे सुपात.

"अजून किती चाकं?"

"एक."

"मग आटपा. चूल तुमच्यासारखी घाण तेलावर पेटत न्हाय."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत दुखतंय म्हणाली. रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. मला जमणार नाही.

ट्रकचं सांगतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझं गॅरेज नारपोलीत. मिलिटरीने काढून टाकलेले ट्रक, ट्रेलर लिलावात निघायचे, लोक घ्यायचे आणि माझ्याकडे आणायचे. गाड्या दणकट. पण साध्या ट्रकसारख्या वागवल्या की रुसतात. हा ट्रक निजामपुऱ्यातल्या बशीरभाईंचा. त्यांचे कापडाचे लूम होते. सुताला खळ लावायच्या आपल्या कारखान्यांना पाणी पुरवायला त्यांनी ट्रकवर टाकी बसवून घेतली. शेवंताने काम हातात घ्यायच्या आधीच त्यांना अट घातली होती. "भाईजान, पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला एक खेप माझ्या माहेरी. नायतर पेडलवर तुम्हीच बसा."

तिचं माहेर शहापूरच्या अंगाला, डोंगरावर. उन्हाळ्यात विहीर कोरडी पडायची. साधा टँकर पायथ्याला थांबायचा आणि बाया हंडे घेऊन चढायच्या. मिलिटरीचा ट्रक चारी बाजूंनी ओढतो, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. तो चढेल, असं मीच तिला सांगितलं होतं.

तेरावं झालं. बशीरभाई सकाळीच भरलेली टाकी घेऊन दारात. गाडीला हार. पुढे दोन कोरे टायर, काळेकुट्ट, चमकत होते.

"तात्या, भाभीच्या मायके जायचंय. गाडी दुल्हन दिसली पाहिजे."

मी तेव्हा डोळे पुसत होतो. टायर कोण बघतो? स्टिअरिंगवर बसलो, बशीरभाई शेजारी. पायथ्यापर्यंत गाडी मजेत गेली. तिथे शेवंताचा भाऊ पांडू उभा होता. वर वळणावर बायापोरं जमली होती.

"दाजी, येतंय ना वर?"

"येतंय. बाजूला हो."

पुढच्या चाकांची ताकद जोडायचा दांडा टाकला आणि चढ धरला. पक्का कातळ, त्यावर एकही चाक घसरत नव्हतं. तरी अर्ध्यावर गाडी जड झाली. मागून कुणी दोरखंडाने ओढतंय असं. स्टिअरिंग लाकूड. तेल तापल्याचा वास. धक्का बसला आणि इंजिन बंद.

दांडा ओढला. हलेना. बशीरभाईंनीही लटकून पाहिलं.

"तात्या, पेटी गेली. पाणी इथंच सोड, हलकी करून परत जाऊ. और फिर नहीं लाऊंगा, सांगून ठेवतो. गाडी फुटली तर माझे कारखाने बंद."

पांडू खिडकीशी आला. "इथं नका सोडू, दाजी. कातळ हाय, एक हंडा भरायचा न्हाय."

मी खाली उतरलो. पेटी म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा. बाहेरून फुटला नव्हता, तेल गळत नव्हतं. मग कोण अडवतंय? चाकाला हात लावला आणि डोक्यात उजेड पडला. पांडूची दोरी घेतली, पुढच्या टायरला वेढा मारला, गाठ मारली. तीच दोरी मागच्या टायरला गुंडाळली. चार बोटं उरली. मागचे टायर झिजलेले.

"बशीरभाई, हे बघा. बैलगाडीला एक बैल लांब टांगांचा, एक आखूड. जू एकच. काय होईल?"

"भांडतील."

"तेच चाललंय. पुढचं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता खातं, मागचं कमी. मातीत घसरून भागतं. कातळावर घसरायला जागा नाही. सगळा पीळ पेटीत भरलाय."

"म्हणजे माझे नये टायर खराब?"

"टायर चांगले. जागा चुकली."

पीळ सोडवायचा तर गाडी मागे चालवायची. भरलेली टाकी, उतार, रिव्हर्स. बशीरभाई खाली उतरले आणि हात वर करून काहीतरी पुटपुटायला लागले. मी मागे सोडली. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं टणक. एकदाही स्पंजासारखं दबलं नाही. शेवंताने पाय उचलला नव्हता, त्याची पावती मला तिथे मिळाली.

पायथ्याला पोचता पोचता 'ठण्ण' आवाज झाला आणि दांडा आपोआप सुटला. बशीरभाईंनी मला मिठीच मारली.

जुने दोन टायर रिमसकट टाकीमागे बांधलेले होते. जॅक लावला. पांडू पान्यावर उभा राहून उड्या मारायला लागला.

"दाजी, हलत न्हाय!"

"उलटा फिरव. डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात."

"मिलिटरीचं सगळंच उलटं!"

"तुझ्या बहिणीचा नवराही मिलिटरीच्या गाड्यांवरच जगतो. फिरव."

तो हसला. मीही हसलो. तेराव्याचं जेवण पचायच्या आत हसलो म्हणून जरा लाज वाटली. मग वाटली नाही.

जुने पुढे चढवले, नवे टाकीमागे बांधले. दांडा टाकला. गाडी त्याच कातळावरून चढली. जिथे अडकली होती तिथे थांबलीच नाही. बशीरभाई अर्धे खिडकीबाहेर. "चल मेरी शेरनी!" वरून पोरं धावत आली, बाया बाजूला सरून हात हलवत होत्या. शेवंताची म्हातारी काकी काठी टेकत विहिरीपर्यंत आली. मी टाकीचा व्हॉल्व्ह उघडून पाइप विहिरीत सोडला. पाणी खाली आपटलं तसा आवाज विहिरीतून वर घुमला. सगळे कठड्यावरून वाकून ऐकत राहिले. कुणी हंडा पुढे केला नाही.

काकी म्हणाली, "पोरीनं धाडलंन."

पाइप धरायला माणूस लागतो, म्हणून धरून उभा राहिलो.

बशीरभाईंनी पावसापर्यंत एकही खेप चुकवली नाही. तुमच्याकडे चारी बाजूंनी ओढणारी गाडी असेल तर टायर सगळे एकदम बदला. दिखाव्याला पुढे नवे, मागे जुने, असं करू नका. करायचंच असेल तर कातळावर जाऊ नका.

त्या पहिल्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजचं शटर वर केलं. ती गेल्यापासून बंद होतं. काल्हेरचा एक जण मिलिटरीचा ट्रेलर घेऊन बाहेर उभाच होता.

"तात्या, काम बंद आहे म्हणतात?"

"कोण म्हणतो? आत घे."