काकांच्या रेशमाची पुडी

गणपतकाकांना मी तोंडावर भेसळखोर म्हटलं होतं.

आता ते नाहीत. आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

काका पैठणचे विणकर. मी संभाजीनगरच्या लॅबमध्ये रेशमापासून हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा मऊ पदार्थ, बनवते. मोडलेल्या हाडाच्या फटीत भरायचं, त्यानं हळूहळू औषध सोडायचं आणि नवं हाड भरलं की आपोआप विरघळून जायचं. निदान प्लॅन तसा आहे.

त्यासाठी मागावरचं उरलेलं, न रंगवलेलं कच्चं रेशीम हवं होतं.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "या कचऱ्यासाठी एवढ्या लांबून आलीस व्हय? डिझाईन चोरायला तर नाय ना?"

मी आयकार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. वर फोटो तुझाच का, असंही विचारलं.

संशय घेण्यात आम्ही दोघं तोडीस तोड.

कच्चं रेशीम सोड्यात उकळलं की वरचा डिंक सुटतो आणि वजन चांगलंच घटतं. काकांच्या रेशमाचं घटेचना. जेल सेट होईना, नुसतं पाणी. तीन बॅच वाया. थीसिस सबमिशन तोंडावर.

मी तडक एसटीनं पैठण गाठलं.

"काका, यात नकली धागा मिसळता ना? भेसळ करता!"

काकांनी चिमूटभर रेशीम घेतलं, काडी ओढली. केस जळल्यासारखा वास आला. राख बोटांत चुरून दाखवली. नकली धागा वितळून त्याची गोळी होते. हे अस्सल होतं.

तरी मी म्हटलंच, "हे ठीक आहे. बाकीचं?"

काकू आतून ओरडल्या, "अगं, हाडात घालणार म्हणलीस ना तू! म्हणून ह्यांनी सगळं सोड्यात उकळून, धुऊन, वाळवून दिलं. मला हातबी लावू देईनात!"

आणि मी तेच लॅबमध्ये पुन्हा उकळत होते. धाग्यात जीवच उरत नव्हता.

काका खाली बघत म्हणाले, "माणसाच्या अंगात जायचं. लई जपून दिलं गं."

मी सॉरी म्हटलं. घाईघाईत. परतीची एसटी होती.

पुढच्या बॅचला रेशीम पुन्हा उकळलं नाही आणि जेल धरलं. ते सांगायला मी गेले नाही, फक्त मेसेज टाकला.

काल तेराव्याला गेले. काकूंनी एक पुडी हातात ठेवली. वर काकांचं वाकडंतिकडं अक्षर.

"उकळलं नाय. शंका आली तर जाळून बघ."

नाही जाळलं, काका.

सोमवारी बॅच लावतेय, त्याच रेशमाची.

माफ करा. नमस्कार.