खिडकी माझी

लिस्बनमध्ये, भर दुपारी, सिटी बसच्या खिडकीशी कुमुदबाई टिपणिसांना डुलकी येऊ लागते. सुट्टीला भाचीकडे आल्यात. भाची ऑफिसला गेली की या एकट्याच बसमध्ये चढतात आणि शेवटच्या थांब्यापर्यंत शहर बघतात. बाहेर झेंडेवाल्या बाईच्या मागून शेळ्यांसारखी धावणारी टूरची मंडळी दिसते. चकल्यांचे डबे घेऊन युरोप बघायला निघालेत मेले! कुमुदबाई नाक मुरडतात, मांडीवरची पिशवी सावरतात आणि डोकं काचेला टेकतात.

"सरक," कुणीतरी म्हणतं.

बघतात तर भालचंद्रराव. नवरा. दोन वर्षांपूर्वी वारलेला. अंगात तोच टेरिकॉटचा शर्ट.

"अहो, तुम्ही कुठून आलात?"

"मागच्या दारानं. सरक की, खिडकी माझी. आणि ही कसली भिकार बस गं, कंडक्टरसुद्धा नाही!"

मेला तरी खोड गेली नाही. सगळा संसार हा माणूस खिडकीशी बसला. लग्नाला जाताना, देवाला जाताना, का तर म्हणे मळमळतं. आणि बाई कडेला, मांडीवर पिशव्या घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात. बरं, खिडकीशी बसून करायचा काय? घाट लागला की घोरायचा! गाढवाला गुळाची चव काय!

बस चढ चढते. निळ्या फरशांची घरं मागे पडतात आणि करवंदाच्या जाळ्या लागतात. कुंभार्ली घाट. कुणीतरी दोरी ओढतं, टिंग टिंग. समोरच्या सीटवर दोन गोऱ्या बायका शेंगा सोलतायत. कुमुदबाईंना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

"कुमुद, मळमळतंय गं मला."

"मेलेल्या माणसाला कसलं मळमळतंय?"

"सवय आहे."

"मग मोडा सवय. मी नाही हलणार."

बोलून तर जातात. आता हा ओरडणार, दंडाला धरून उठवणार. आज आपण उठलो तर पुन्हा कुठलीच खिडकी आपली नाही, हे त्यांना लख्ख कळतं. त्या खिडकीचा गज घट्ट धरून ठेवतात.

तो ओरडत नाही. कडेला टेकतो. लगेच एक जाड्या त्याला ढुशी देऊन पुढे जातो, मागून कुणाची तरी टोपली गुडघ्यावर आदळते.

"आयला! असं असतं होय इथे?"

"असंच असतं."

"कधी बोलली नाहीस ती."

"विचारलंत कधी?"

तो गुडघा चोळतो. मग हात पुढे करतो. "आण ती पिशवी इकडे. ओझं घेऊन काय बघणार तू? काय दिसतंय?"

"नदी."

"कुठली? वाशिष्ठी?"

"गप्प बसा हो. बघू द्या मला."

ड्रायव्हर हाका मारतोय. शेवटचा थांबा. बसमध्ये दुसरं कुणी नाही, खिडकीला गज नाहीत, आणि मांडी हलकी. पिशवी कडेच्या सीटवर उभी आहे. दोन्ही बंद एकत्र करून करकचून निरगाठ मारलेली, चोरांच्या भीतीनं तो मारायचा तशी. सोडवताना बाईंची नखं तुटायची.

"मूर्ख माणूस," त्या मोठ्यानं म्हणतात. 

परतीचा पास पिशवीत आहे. कुमुदबाई गाठीला हात लावत नाहीत. पिशवी तशीच खांद्याला अडकवतात आणि चालतच भाचीच्या घराकडे निघतात.