आठ दिवस सावलीत

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात नव्या माणसाचं स्वागत म्हणजे निव्वळ छळ. पहिल्याच दिवशी समोसे, जबरदस्तीचं भाषण, आणि जेवणाच्या सुट्टीआधी तीन जणांची तुंबलेली कामं त्याच्या टेबलावर. आधीचा ड्राफ्ट्समन पंधरवड्यात पळाला. विभागप्रमुख म्हणून बोलणी मी खाल्ली.

त्याच सुमारास मला बागकामाचं खूळ लागलं होतं. बिट्टन मार्केटच्या बाजारातून वांग्याची रोपं आणली, तेव्हा रोपवाल्याने बजावलं, "साहब, लगा के आठ दिन छाँव में रखना. हाथ मत लगाना." बायकोच्या मते आमची गच्ची म्हणजे झाडांचं स्मशान, पण ही रोपं चक्क जगली. झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी ते ज्ञान घेऊन ऑफिसात पोचलो.

पळालेल्याच्या जागी उज्जैनहून एक पन्नाशीच्या बाई आल्या. मुलाखत मालकांनीच परस्पर घेतली होती. मी त्यांना स्टोअरजवळच्या शांत कोपऱ्यात बसवलं आणि सगळ्यांना तंबी दिली: समोसे नाहीत, भाषण नाही, आठ दिवस बाईंच्या वाटेला कोणी जायचं नाही.

आमचे लोक एरवी माझं काही ऐकत नाहीत. हे मात्र शब्दशः ऐकलं. बाई दिसल्या की चहाच्या टेबलावरचं हसणं बंद. नमस्काराला नमस्कार, की संपलं. फिटरने तर निकालच लावला, "मॅडम ऊपर से आई हैं. सबकी रिपोर्ट बनाएँगी." मी लांबून बघून खूश. म्हटलं, मुळं धरताहेत.

नवव्या दिवशी बाईंचा राजीनामा आला.

मी धावतच त्यांच्या कोपऱ्यात गेलो आणि वांग्यांची सगळी कथा ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, हे त्यांचे उपकार.

"सर, आई रोज फोनवर विचारते, लोक कसे आहेत," त्या म्हणाल्या. "मी सांगते, खूप चांगले आहेत, सगळे मिळून चहा पितो. या वयात आईशी खोटं बोलतेय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेजारची रिकामी खुर्चीच उचलली. निदान चहाच्या टेबलाशी नेऊन ठेवावी.

"खुर्ची मी आणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी सगळ्यांना सांगा, मी कोण आहे ते. राजीनाम्याचं मग बघू."

सगळे चहाच्या टेबलाशी जमले. मी घसा खाकरला. "या आपल्या..." एवढंच म्हणालो आणि अडलो. बाई आधी कुठे होत्या, किती वर्षं काम केलं, त्यांना काय काय येतं, हे मीसुद्धा त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटी सगळ्यांसमोर त्यांच्याकडे वळून विचारलं. बाई टेबलाशी बसल्या आणि सांगू लागल्या.